टरेट प्रेस : काडतुसे घरी भरणाऱ्यांचे मधले यंत्र

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत नेमबाजीचा छंद असणारे अनेक लोक उडवून झालेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या फेकून न देता त्या गोळा करतात, स्वच्छ करतात आणि घरच्या टेबलावर पुन्हा भरून वापरतात. या कामाला तेथे रिलोडिंग, म्हणजे काडतुसांची पुनर्भरणी, असे म्हटले जाते. स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरण्यास अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार परवाना लागत नाही. मात्र भरलेली काडतुसे विकण्याचा धंदा करावयाचा असेल तर १९६८ च्या शस्त्रनियंत्रण कायद्याप्रमाणे उत्पादकाचा परवाना घ्यावाच लागतो. या छंदासाठी लागणारे मुख्य साधन म्हणजे हातदांड्याने चालणारा प्रेस. त्याच्या तीन प्रमुख प्रकारांपैकी मधला, म्हणजे टरेट प्रेस, कोणाला उपयोगी पडतो, तो निवडताना काय पाहावे आणि वापरताना कशाचे भान ठेवावे, हे समजण्यासाठी आधी काडतुसाची रचना समजून घ्यावी लागते.

आधुनिक काडतुसाचे चार भाग असतात. पितळी पुंगळी बाकीच्या तिन्ही भागांना एकत्र धरून ठेवते. तिच्या बुडाशी असलेल्या खळग्यात प्रायमर, म्हणजे आघाताने पेट घेणाऱ्या स्फोटक मिश्रणाची छोटी धातूची टोपी, बसवलेली असते. आत निर्धूम दारू असते. आणि तोंडाशी गोळी घट्ट धरलेली असते. घोडा दाबला की बंदुकीतील टाचणी प्रायमरवर आदळते, त्याची ज्योत बुडातील छिद्रातून दारूपर्यंत पोहोचते, दारू जळून निर्माण झालेला वायू गोळीला नळीतून बाहेर ढकलतो आणि त्याच दाबाने पुंगळी क्षणभर फुगून नळीच्या मागच्या कोठडीच्या भिंतीला चिकटते. प्रायमर, दारू आणि गोळी या तिन्ही गोष्टी एकदाच वापरून संपतात, परंतु पुंगळी उरते. सुमारे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असलेले हे पितळ पुन्हा दाबून मूळ मापात आणता येते, आणि काडतुसाच्या किमतीचा मोठा वाटा या पुंगळीतच असल्यामुळे पुनर्भरणीचे सारे अर्थकारण तिच्यावर उभे आहे.

सर्वच पुंगळ्या सारख्याच सोयीने भरता येतात असे नाही. १८६० च्या दशकात प्रायमरच्या दोन रचना पुढे आल्या. ब्रिटिश लष्करी अधिकारी एडवर्ड बॉक्सर यांच्या रचनेत ठोक्याचा आधार प्रायमरच्या आतच असतो आणि पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच छिद्र असते. अमेरिकन हायरम बर्डन यांच्या रचनेत हा आधार पुंगळीचाच भाग असतो आणि छिद्रे त्याच्या बाजूंना असतात. बॉक्सरच्या पुंगळीत वरून एक सुई घातली की जुना प्रायमर सरळ बाहेर पडतो, बर्डनच्या पुंगळीत मात्र ते इतके सोपे नाही. ब्रिटिश माणसाची रचना अमेरिकेत रुजली आणि अमेरिकन माणसाची युरोपच्या लष्करी कारखान्यांत. आणि अमेरिकेत घरगुती पुनर्भरणी एवढी पसरली त्यामागे या योगायोगाचा वाटा नक्कीच आहे. रिमफायर प्रकारच्या काडतुसात, उदाहरणार्थ पॉइंट २२ मध्ये, प्रायमरचे मिश्रण बुडाच्या कडेच्या घडीतच भरलेले असते आणि टाचणीच्या ठोक्याने ती कड चेपून जाते, त्यामुळे ते घरी पुन्हा भरण्याजोगे राहत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे याने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्या प्रकारात हेच काडतूस वापरले जाते. तेथे पुनर्भरणीचा प्रश्नच येत नाही.

पुनर्भरणीची साधने बाजारात येऊन आता जवळजवळ दीड शतक होत आले आहे. जॉन बार्लो यांनी १८८४ मध्ये आयडियल ही कंपनी काढली आणि सांडशीसारखी हातात धरण्याची भरणीची साधने विकली. हा धंदा १९२५ मध्ये लायमन या कंपनीकडे गेला. विस्कॉन्सिन राज्यातील रिचर्ड ली यांनी १९५८ पासून सामान्य माणसाच्या खिशाला परवडतील अशी साधने बनवण्यास सुरुवात केली. आज टरेट प्रेस घेऊ पाहणाऱ्यासमोर प्रामुख्याने लीचे चार भोकांचे प्रेस, लायमनचा आठ भोकांचा ऑल-अमेरिकन एट आणि न्यूयॉर्क राज्यातील रेडिंग कंपनीचा सात भोकांचा टी-सेव्हन अशी नावे येतात.

प्रेसचे काम तत्त्वतः साधे आहे. खाली बसवलेला दट्ट्या दांडा ओढताच पुंगळीला वर नेतो आणि वर आट्यांत बसवलेल्या डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, ती दाबतो. एकेका डायचे काम ठरलेले असते: पहिली डाय फुगलेली पुंगळी मापात आणते आणि जुना प्रायमर पाडते, दुसरी पुंगळीचे तोंड किंचित रुंद करते, तिसरी गोळी ठरावीक खोलीवर बसवते आणि चौथी तोंड पुन्हा आवळून गोळी पक्की करते, या अखेरच्या आवळण्याला क्रिंप म्हणतात. बहुतेक कंपन्यांच्या डाय सात अष्टमांश इंच व्यासाच्या आणि इंचाला १४ आटे असलेल्या एकाच मापाच्या असतात, त्यामुळे एका कंपनीची डाय दुसरीच्या प्रेसवर चालते, आणि प्रेस बदलला तरी डायवर केलेला खर्च वाया जात नाही.

सर्वांत साध्या, सिंगल स्टेज प्रेसवर एका वेळी एकच डाय बसते. दोनशे काडतुसे भरायची असतील तर दोनशे पुंगळ्या पहिल्या डायमधून काढायच्या, डाय बदलायची, ती पुन्हा जुळवायची आणि तेच दोनशे नग दुसऱ्या डायमधून काढायचे. चार डाय असतील तर हाताने पुंगळी ठेवण्याचे काम आठशे वेळा करावे लागते. दुसऱ्या टोकाला असलेल्या प्रोग्रेसिव्ह प्रेसमध्ये खालची थाळी फिरत असल्यामुळे अनेक पुंगळ्यांवर एकाच वेळी निरनिराळे संस्कार होत असतात आणि दांड्याच्या प्रत्येक ओढीला एक काडतूस तयार होते. टरेट प्रेस या दोघांच्या मध्ये आहे. त्याच्या माथ्यावर फिरती चकती असते, तिच्यात सर्व डाय एकदाच जुळवून बसवलेल्या असतात, पुंगळी खाली एकाच जागी राहते आणि डाय फिरून तिच्यावर येतात. पिंपरी-चिंचवड किंवा कोल्हापूरच्या यंत्रशाळांत ज्यांनी टरेट लेथ पाहिला आहे त्यांना ही कल्पना लगेच कळेल, कारण तेथेही निरनिराळी हत्यारे एका फिरत्या माथ्यावर बसवून पाळीपाळीने कामावर आणली जातात. टरेटवर चार डायसाठी दांडा आठशे वेळाच ओढावा लागतो, पण पुंगळी ठेवण्या-काढण्याचे काम आठशेवरून दोनशेवर येते, आणि डाय पुन्हा जुळवण्याची कटकट जवळजवळ संपते. सवय झालेला माणूस यावर तासाला साधारण दीडशे ते दोनशे पिस्तुलाची काडतुसे भरू शकतो.

परंतु टरेट प्रेसचा खरा गुण वेगात नसून तो एका वेळी एकच काडतूस हाती ठेवतो यात आहे. प्रोग्रेसिव्ह प्रेस मध्येच अडकला तर चार-पाच पुंगळ्या वेगवेगळ्या अवस्थांत असतात, कोणतीत दारू पडली आणि कोणतीत नाही हे प्रत्येकीसाठी ठरवावे लागते, आणि याच गोंधळातून वाईट अपघात घडतात. टरेटवर शंका आली तर ती एकाच पुंगळीबद्दल येते आणि ती पुंगळी काढून टाकली की शंका संपते. महिन्याला काही शेकडा काडतुसे उडवणाऱ्या, दोन-तीन मापांच्या बंदुका बाळगणाऱ्या आणि घाई नसलेल्या माणसासाठी म्हणूनच हे यंत्र सर्वांत योग्य ठरते. आठवड्याला हजार काडतुसे लागणाऱ्या स्पर्धकाला ते अपुरे पडेल, आणि लांब पल्ल्याच्या रायफलसाठी पन्नासच काडतुसे पण अतिशय नेमकी भरणाऱ्याला भक्कम सिंगल स्टेज प्रेसच बरा.

निवड करताना पहिला प्रश्न चकती हाताने फिरवायची की आपोआप फिरणारी घ्यायची, हा असतो. लीच्या प्रेसमध्ये चकतीच्या मधून पीळ दिलेला चौकोनी गज जातो. दट्ट्या खाली-वर होताना हा गज चकतीला बरोबर एक घर पुढे ढकलतो, त्यामुळे हात दांड्यावरून काढावा लागत नाही. या गजाभोवती एक छोटा प्लॅस्टिकचा भाग असतो आणि ओढ अर्ध्यावर असताना दांडा उलटा फिरवला की तो झिजतो किंवा तुटतो. तो स्वस्त असतो, म्हणून जाणते लोक दोन-चार भाग आधीच आणून ठेवतात. लांब रायफल काडतुसांसाठी ही आपोआप फिरण्याची सोय उपयोगी पडत नाही. गज काढून ठेवला की तोच प्रेस सिंगल स्टेजसारखा चालतो, आणि नवशिक्याने पहिली काहीशे काडतुसे तशीच, एकेक पायरी समजून घेत भरावीत हे उत्तम. रेडिंग आणि लायमनच्या चकत्या हाताने फिरवाव्या लागतात. त्यांचे बीड जाड असते, भोके जास्त असतात आणि एकाच चकतीत दोन मापांच्या डाय कायमच्या बसवून ठेवता येतात. उलट लीची पूर्ण चकती झटकन काढता येते आणि ती स्वस्त असल्याने प्रत्येक मापासाठी वेगळी चकती डायसकट जपून ठेवता येते. केवळ भोकांची संख्या पाहून प्रेस घेणे शहाणपणाचे नाही; दोनच मापांची काडतुसे भरणाऱ्याला आठ भोकांचा काही विशेष लाभ होत नाही.

दुसरा मुद्दा कणखरपणाचा. चकती फिरती ठेवायची म्हणजे ती आणि सांगाडा यांच्यात थोडी फट, यंत्रशाळेच्या भाषेत प्ले, ठेवावीच लागते, आणि पुंगळी डायमध्ये दाबली जाताना चकती तेवढी वर उचलली जाते. ही हालचाल दरवेळी सारखीच असेल तर गोळीच्या खोलीत फरक पडत नाही, कारण डाय जुळवतानाही ती तेवढीच उचललेली असते. पण हालचाल कमी-जास्त होत असेल तर काडतुसाची एकूण लांबी बदलत राहते. रेडिंगने यासाठी चकतीला मागून आधार देणारा खांब ठेवला आहे. नव्या प्रेसची पारख करताना दहा काडतुसे सलग भरून प्रत्येकाची लांबी व्हर्नियर कॅलिपरने मोजणे हीच विश्वासार्ह चाचणी होय. प्रेस ज्या टेबलावर बसवायचा ते डळमळीत असेल तर चांगले यंत्रही वाया जाते, म्हणून टेबल भिंतीला किंवा जमिनीला बोल्टने पक्के करतात. पडलेले जुने प्रायमर कोठे जातात हेही विचारावे; पोकळ दट्ट्यातून नळीवाटे थेट डब्यात जाणारी सोय असेल तर प्रायमरमधील शिशाची काजळी टेबलभर पसरत नाही.

वापराची सुरुवात पुंगळ्या तपासण्यापासून होते. प्रत्येक वापरात पितळ थोडे कडक होत जाते. तोंडाशी चीर दिसली किंवा बुडाच्या जरा वर चकाकती कडी उमटली तर ती पुंगळी भंगारात टाकावी. पिस्तुलाच्या सरळ पुंगळीसाठी कार्बाइडचे कडे असलेली डाय घेतली तर वंगण लागत नाही, पण रायफलच्या मान आवळलेल्या पुंगळीला वंगण हवेच. ते कमी पडले तर पुंगळी डायमध्ये अडकून बसते आणि जास्त झाले तर तिच्या खांद्यावर पोचा पडतो. नवा प्रायमर लीच्या प्रेसवर दट्ट्या खाली येताना बसवला जातो, आणि तो पुंगळीच्या बुडापेक्षा किंचित आत गेला आहे याची खात्री बोट फिरवून करून घेतात. प्रायमर दाबताना घट्ट लागला तर जोर लावायचा नसतो, कारण तो आघातानेच पेटतो. या कामात डोळ्यांवर चष्मा अपरिहार्य आहे आणि प्रायमर मूळ पाकिटाबाहेर मोकळे साठवणे कधीही क्षम्य नाही.

सर्वांत जास्त लक्ष दारूच्या पायरीवर द्यावे लागते. दारू ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६४.८ मिलिग्रॅम. टरेटवर बहुधा दुसऱ्या डायवरच दारू सोडणारे साधन बसवतात. पुंगळी वर आली की ते ठरावीक आकारमानाची दारू आत टाकते. हे साधन वजनाने नव्हे तर आकारमानाने मोजते, आणि प्रत्येक दारूची घनता वेगळी असते, म्हणून आधी दहा मापे काट्यावर तोलून पाहायची आणि पुढे ठरावीक नगांनंतर एक माप पुन्हा तोलायचे ही रीत आहे. कोणत्या गोळीला कोणती दारू किती हे प्रमाण लायमन, हॉर्नाडी यांसारख्या कंपन्यांच्या छापील पुस्तकांतूनच घ्यायचे, आणि सुरुवात कमाल प्रमाणापासून नव्हे तर तेथे दिलेल्या किमान प्रमाणापासून करायची असते. या शिस्तीमागचे कारण दाबात आहे. पॉइंट ३८ स्पेशल या काडतुसाचा मान्य कमाल दाब दर चौरस इंचाला १७,००० पौंड आहे, तर त्याच व्यासाच्या पॉइंट ३५७ मॅग्नमचा ३५,००० पौंड. १९३५ साली मॅग्नम आले तेव्हा ते जुन्या दुबळ्या रिव्हॉल्व्हरमध्ये शिरू नये म्हणून त्याची पुंगळी सुमारे साडेतीन मिलिमीटरने मुद्दाम लांब ठेवली गेली. दोन्हींची गोळी एकाच व्यासाची आणि शेल होल्डर, म्हणजे पुंगळी धरणारा खाचेचा भाग, एकच असल्याने पुस्तकातील पान चुकले तर यंत्र अडवणार नाही. नऊ मिलिमीटरच्या छोट्या पुंगळीत गोळी ठरल्यापेक्षा खोल बसली तरी आतली जागा कमी होऊन दाब झपाट्याने वाढतो.

पिस्तुलाची जलद जळणारी दारू बहुधा पुंगळीचा अर्धाही भाग व्यापत नाही, त्यामुळे चुकून दोनदा दारू पडली तरी ती आत मावते आणि अशा काडतुसाने बंदूक फुटू शकते. उलट दारू पडलीच नाही तर नुसत्या प्रायमरच्या जोराने गोळी नळीत शिरून अडकते आणि त्यामागून दुसरी गोळी सुटली तर नळी फुगते किंवा फाटते. आपोआप फिरणाऱ्या टरेटवर अशी चूक बहुधा एकाच प्रसंगी होते: काहीतरी अडकते, वापरणारा दांडा मागे-पुढे करतो आणि दारूची डाय त्याच पुंगळीवर पुन्हा येते. म्हणून काम थांबले, फोन वाजला, कोणी हाक मारली, तर प्रेसवरील पुंगळी काढून तिच्यातील दारू डब्यात परत ओतायची आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. गोळी तोंडावर ठेवण्यापूर्वी प्रत्येक पुंगळीत डोकावून दारूची पातळी पाहायची. त्यासाठी प्रेसवर छोटा दिवा लावलेला असतो. टेबलावर एका वेळी एकाच दारूचा डबा ठेवायचा, काम संपले की साधनातील दारू त्याच डब्यात परत ओतायची आणि ओळख न पटणारी दारू वापरायचीच नाही.

शेवटच्या डायचा क्रिंप काडतुसाप्रमाणे बदलतो. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसात धक्क्याने शेजारच्या गोळ्या पुढे सरकू नयेत म्हणून पुंगळीचे तोंड गोळीच्या खाचेत आत वळवतात. नऊ मिलिमीटरसारखे काडतूस मात्र कोठडीत तोंडाच्या कडेवरच टेकून बसते, ती कड वळवली तर ते ठरल्यापेक्षा आत जाते, म्हणून तेथे तोंड फक्त सरळ आवळायचे असते. काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत आणि टेबलाजवळ खाऊ-पिऊ नये. शिशाची धूळ डोळ्यांना दिसत नाही, पण ती शरीरात साठत जाते, आणि घरात लहान मुले असतील तर हा धोका त्यांनाही असतो. अमेरिकेत अग्निसुरक्षेच्या मानकानुसार राहत्या घरात मूळ डब्यांत २० पौंडांपर्यंत निर्धूम दारू आणि १०,००० पर्यंत प्रायमर ठेवता येतात, पण अनेक शहरांचे नियम याहून कडक आहेत. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपैकी कोणी हा छंद धरणार असेल तर प्रेस विकत घेण्याआधी आपल्या राज्याचा, शहराचा आणि भाड्याच्या घराच्या कराराचा नियम वाचावा.

भारतात परिस्थिती अगदी वेगळी आहे. पुण्याजवळ खडकीला आणि जळगाव जिल्ह्यात वरणगावला काडतुसे बनवणारे सरकारी कारखाने अनेक दशके चालू असले, तरी १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या पाचव्या कलमानुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे, आणि बंदूक बाळगण्याचा परवाना हा काडतुसे बनवण्याचा परवाना नव्हे. महाराष्ट्रातील परवानाधारक नेमबाजाने काडतुसे अधिकृत विक्रेत्याकडून किंवा आपल्या रायफल संघटनेमार्फतच घ्यावीत.